तीन पर्याय, एकच बहुमत, तीन निकाल: संस्थेत मतदान नेमकं कसं घ्यावं

४५ सभासदांची एक संस्था आहे. शिल्लक निधी एकाच कामाला पुरेल: नवी पुस्तकं, छपराची दुरुस्ती किंवा संगणक. सभासदांच्या मनातला पसंतीक्रम असा आहे असं धरू.

१८ जण: पुस्तकं, मग छप्पर, मग संगणक
१५ जण: संगणक, मग छप्पर, मग पुस्तकं
८ जण: छप्पर, मग संगणक, मग पुस्तकं
४ जण: छप्पर, मग पुस्तकं, मग संगणक

हात वर करून मतदान घेतलं तर पुस्तकांना १८, संगणकांना १५ आणि छपराला १२ मतं पडतात. पुस्तकं जिंकली. पण १८ म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत, म्हणून पहिल्या दोघांत दुसरी फेरी घेऊ. छप्पर बाद होतं, त्याच्या १२ मतांपैकी ८ संगणकांकडे आणि ४ पुस्तकांकडे जातात. संगणक २३, पुस्तकं २२. आता संगणक जिंकले. तिसरी रीत म्हणजे पर्याय दोन-दोन करून समोरासमोर लावणं. छप्पर विरुद्ध पुस्तकं २७ विरुद्ध १८, छप्पर विरुद्ध संगणक ३० विरुद्ध १५. दोन्ही वेळा छप्पर जिंकतं, आणि तेही भक्कम फरकाने.

एकाही सभासदाने मत बदललेलं नाही. निकाल मात्र तीन निघाले, आणि तिन्ही ‘बहुमताने झाले’ असं इतिवृत्तात लिहिता येतं. त्यामुळे बहुमत न्याय्य आहे का, असा मोघम प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. पर्याय किती आहेत, निवडायचं एक आहे की अनेक, आणि मतपत्रिकेवर सभासदाला किती सांगायची मुभा आहे, यावर सगळं ठरतं. पुढचं सगळं १५ ते २०० सभासदांच्या संस्था, मंडळं, संघटना आणि समित्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

दोनच पर्याय असतील तेव्हा

ठराव मंजूर की नामंजूर, इतकाच प्रश्न असेल तर साधं बहुमत वापरा. अमेरिकन गणितज्ञ केनेथ मे यांनी १९५२ मध्ये सिद्ध केलं की प्रत्येक मताची किंमत सारखी हवी, दोन्ही पर्यायांना सारखी वागणूक हवी, आणि बरोबरी असताना एखाद्या बाजूला एक मत वाढलं की निकाल त्या बाजूने लागायला हवा, या अटी घातल्या तर साधं बहुमत हा एकच नियम उरतो. याहून न्याय्य काही शोधत बसण्याची गरज नाही.

वाद होतो तो ‘बहुमत कशाचं’ यावर. ६० सभासद, हजर ४०. ठरावाच्या बाजूने १८, विरोधात १५, तटस्थ ७. मतदान करणाऱ्यांचं बहुमत धरलं तर १८ विरुद्ध १५, ठराव मंजूर. हजर असलेल्यांचं धरलं तर किमान २१ हवेत, ठराव नामंजूर. एकूण सभासदांचं धरलं तर ३१ हवेत, ठराव कोसळला. दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीत तटस्थ राहणारा माणूस नकळत विरोधात मत देत असतो. घटनेत किंवा उपविधीत नुसतं ‘बहुमताने’ असं लिहिलेलं असेल तर ते आजच दुरुस्त करायला घ्या आणि ‘हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या’ असे स्पष्ट शब्द घाला. गणपूर्ती वेगळी लिहा. ती सभेच्या सुरुवातीला मोजायची की प्रत्येक मतदानाच्या वेळी, हेही लिहा.

बरोबरी झाली तर ठराव नामंजूर, हा सर्वांत स्वच्छ नियम. अध्यक्षांना निर्णायक मत द्यायचं असेल तर ते त्यांच्या स्वतःच्या मताव्यतिरिक्त की त्याऐवजी, हे आधी ठरलेलं हवं.

दोन तृतीयांशाची अट सुरक्षित वाटते म्हणून सरसकट लावू नका. वरच्या उदाहरणात मतं देणारे ३३ आहेत. दोन तृतीयांश म्हणजे २२. म्हणजे १२ जण उरलेल्या २१ जणांना अडवू शकतात. ही अट ‘जैसे थे’ला झुकतं माप देते. घटनादुरुस्ती, मालमत्तेची विक्री, सभासदाला काढून टाकणं अशा ठिकाणी ते योग्यच आहे, कारण झालेली चूक तिथे परत फिरवता येत नाही. रोजच्या कामकाजात तीच अट लावली की अल्पसंख्याकांचं रक्षण होत नाही, फक्त कामं अडतात.

पद्धत आधी ठरवा, पर्याय नंतर

या लेखातली एकच गोष्ट अमलात आणणार असाल तर ही आणा. वर पाहिलंत, सभासदांचा कल साधारण माहीत असलेला अध्यक्ष निव्वळ मोजणीची रीत निवडून तिन्हींपैकी हवा तो निकाल काढू शकतो. म्हणून पद्धत, बरोबरीचा नियम आणि बाद मताची व्याख्या हे सगळं पर्याय किंवा उमेदवार पुढे येण्यापूर्वी ठरवून सभेच्या नोटिशीत छापा. ऐन सभेत पद्धत बदलण्याची सूचना आली तर ती पुढच्या मतदानापासून लागू करा, चालू मतदानाला नाही.

क्रमाचा सापळाही असाच असतो. मूळ ठराव, त्यावरची उपसूचना आणि ‘काहीच करू नये’ असे तीन पर्याय असले की सभेत सहसा आधी दोघांत मत घेतात आणि जिंकलेल्याला तिसऱ्यासमोर उभं करतात. आता समजा १५-१५ जणांचे तीन गट आहेत. एकाचा क्रम अ-ब-क, दुसऱ्याचा ब-क-अ, तिसऱ्याचा क-अ-ब. मोजून पाहा: अ हा ब ला ३० विरुद्ध १५ असा हरवतो, ब हा क ला तितक्याच फरकाने, आणि क हा अ ला. फ्रेंच विचारवंत कोंदॉर्से यांनी १७८५ मध्ये हे चक्र दाखवून दिलं. प्रत्येक सभासदाचं मत सुसंगत आहे, पण समूहाचं मत गोल फिरतं. अशा वेळी जो पर्याय सर्वांत शेवटी रिंगणात उतरतो तो हमखास जिंकतो. म्हणजे विषयपत्रिकेचा क्रम लावणाऱ्यानेच निर्णय घेतलेला असतो. यावर उपाय म्हणजे तीन किंवा जास्त पर्याय असतील तर टप्प्याटप्प्याने मतं घेऊच नका. सगळे पर्याय एका मतपत्रिकेवर छापा आणि क्रम मागा.

मतपत्रिका कशी असावी

एकच खूण करायची मतपत्रिका फार कमी माहिती गोळा करते. पसंतीक्रमाच्या मतपत्रिकेला कागद तेवढाच लागतो, फक्त प्रत्येक पर्यायापुढे रिकामा चौकोन असतो. वर ठळक सूचना छापा: ‘सर्वांत आवडत्या पर्यायापुढे १ लिहा, त्यानंतरच्यापुढे २, त्यानंतर ३. हवे तितकेच क्रम द्या. फुली किंवा बरोबरची खूण करू नका.’ खाली एक भरलेला नमुना दाखवा, पण नमुन्यात खरे पर्याय नकोत. सूचनेत ‘गुण द्या’ असं चुकूनही लिहू नका. काही जण सर्वांत आवडत्याला ५ गुण देतात, आणि ते मत मोजणीत उलटं जातं.

पर्यायांचा क्रमही निकालावर परिणाम करतो. वरच्या नावाला काही मतं आपोआप पडतात. ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचं आहे आणि वरून खाली १, २, ३ लिहून मोकळं होणाऱ्यांची मतं ही तिथे जुनी डोकेदुखी आहे. तिथल्या टास्मानिया राज्यात त्यावर उपाय म्हणून नावांचे क्रम आलटून पालटून मतपत्रिका छापतात. तुम्हालाही हे सहज जमेल. तीन पर्याय असतील तर तीन क्रमांत प्रत्येकी १५ प्रती काढा आणि गठ्ठा नीट पिसून वाटा.

शेवटी ‘यापैकी एकही नको’ हा पर्याय घाला आणि त्यालाही क्रम देऊ द्या. डेबियन या संगणकप्रणालीच्या स्वयंसेवकांची संघटना आपल्या मतदानात अशीच सोय ठेवते. जो पर्याय समोरासमोर ‘एकही नको’लाच हरवू शकत नाही तो बाद, मग तो बाकीच्यांत पहिला का असेना.

बाद मतांचे नियम मोजणीआधी लिहून ठेवा. दोन पर्यायांपुढे १ असेल तर बाद फेऱ्यांच्या (दर फेरीत तळाचा पर्याय बाद करत जाणाऱ्या) मोजणीत ती पत्रिका बाद धरावी लागते, समोरासमोर मोजणीत मात्र त्या दोघांत बरोबरी धरून बाकी पत्रिका वापरता येते. १, २, ४ असं लिहिलं असेल तर क्रम स्पष्टच आहे, स्वीकारा. फक्त एका पर्यायापुढे खूण असेल तर ती पहिली पसंती धरा. काहीच न लिहिलेले पर्याय लिहिलेल्या सगळ्यांच्या खाली.

कोणत्या कामाला कोणती पद्धत

सभेची तारीख, वेळ, जागा, नाव, बोधचिन्ह अशा गोष्टींना संमती मतदान वापरा. ‘जे जे चालेल त्यावर खूण करा’, इतकंच. सर्वाधिक खुणा असलेला पर्याय जिंकतो. पर्याय दहा असले तरी मोजणी हात वर करूनही होते, मतं फुटत नाहीत आणि कुणालाच न परवडणारी तारीख निवडली जात नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराने २०२० मध्ये शहरपातळीच्या निवडणुकांसाठी हीच पद्धत स्वीकारली आणि पुढे पहिल्या दोघांत अंतिम फेरी ठेवली. उणीव अशी की चुरशीच्या निवडणुकीत लोक हात आखडता घेतात, ‘माझ्या माणसाचं नुकसान नको’ म्हणून एकच खूण करतात. मग ते साध्या एकखुणी मतदानासारखंच होऊन बसतं.

दोन फेऱ्यांचं मतदान सर्वांना समजतं, पण पहिल्या फेरीत मतं फुटण्याचा धोका तसाच राहतो. २००२ च्या फ्रेंच राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत १६ उमेदवार होते. डाव्यांची मतं अनेकांत वाटली गेली, पंतप्रधान लिओनेल जोस्पँ १६.१८ टक्के मतं घेऊन तिसरे आले आणि बाहेर पडले. १६.८६ टक्के मिळवणारे ज्याँ-मारी ल पेन दुसऱ्या फेरीत पोहोचले आणि तिथे ८० टक्क्यांहून अधिक वैध मतं त्यांच्या विरोधात, जाक शिराक यांना पडली.

पसंतीक्रमाच्या बाद फेऱ्या हा त्यावरचा प्रचलित उपाय. पहिल्या पसंतीची मतं मोजा. कुणाला निम्म्याहून जास्त नसतील तर तळाचा उमेदवार बाद करा, त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटा, पुन्हा मोजा. ऑस्ट्रेलियात १९१८ मध्ये स्वान मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाविरुद्धची मतं फुटून साधारण ३४ टक्क्यांवर उमेदवार निवडून आला आणि त्याच वर्षी ही पद्धत कायद्यात आली. भारताच्या राष्ट्रपतींची निवडणूकही पसंतीक्रमानेच होते. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी पहिल्या मोजणीत विजयासाठी लागणाऱ्या मतमूल्यापर्यंत पोहोचले नव्हते. चिंतामणराव देशमुख आणि इतर उमेदवारांच्या दुसऱ्या पसंतीची मतं मिळाल्यावर ते ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे नीलम संजीव रेड्डींच्या पुढे गेले.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे खालच्या पसंत्या लिहिल्याने वरच्या पसंतीचं कधीच नुकसान होत नाही. दोष आपल्या उदाहरणातच दिसतो: सगळ्यांना बऱ्यापैकी चालणारा, पण फार थोड्यांचा पहिला असलेला पर्याय लवकर बाद होतो. हे फक्त कागदावर घडत नाही. अमेरिकेत बर्लिंग्टन शहराच्या २००९ च्या महापौर निवडणुकीत अँडी माँट्रोल इतर प्रत्येकाला समोरासमोर हरवत होते, तरी तिसरे ठरून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी शहराने ती पद्धत रद्द केली. २०२२ मध्ये अलास्कातल्या पोटनिवडणुकीत निक बेगिच यांचंही असंच झालं.

गुणांकन, म्हणजे तीन पर्यायांत पहिल्याला २, दुसऱ्याला १, तिसऱ्याला शून्य गुण देऊन बेरीज करणं. फ्रेंच शास्त्रज्ञ बोर्दा यांची ही अठराव्या शतकातली कल्पना. स्पर्धांच्या परीक्षणात ती चालते. आपल्या उदाहरणात छपराला ५७, पुस्तकांना ४० आणि संगणकांना ३८ गुण मिळतात. निकाल छान लागला. पण पुस्तकवाल्यांनी ‘पुस्तकं, पण फक्त संदर्भग्रंथ’ असा चौथा पर्याय घुसवला आणि प्रत्येकाने तो पुस्तकांच्या लगेच खाली ठेवला असं धरा. आता गुण ३, २, १, ०. पुस्तकांना १८ वेळा ३, १५ वेळा १, ८ वेळा १, ४ वेळा २, मिळून ८५. छपराला १८ वेळा १, १५ वेळा २, १२ वेळा ३, मिळून ८४. एकाचंही मत न बदलता पुस्तकं जिंकली. पर्याय सुचवण्याची मुभा सगळ्यांना असेल तर ही पद्धत वापरू नका.

समोरासमोर मोजणी ही तीन ते सहा पर्याय आणि महत्त्वाचा निर्णय असेल तेव्हा आमची पहिली शिफारस. जो पर्याय इतर प्रत्येकाला एकास एक लढतीत हरवतो तो जिंकतो. कल्पना नवी नाही. कातालान विद्वान रामोन लुल यांनी १२९९ मध्ये चर्चमधल्या पदांच्या निवडीसाठी अशीच जोड्यांची रीत सुचवली होती. हिला लोक घाबरतात ते मोजणीच्या किचकटपणामुळे, आणि ती भीती अनाठायी आहे.

समोरासमोर मोजणी, हाताने

१. सगळ्या पत्रिका पूर्ण पसंतीक्रमानुसार गठ्ठ्यांत लावा. तीन पर्यायांचे पूर्ण लिहिलेले जास्तीत जास्त ६ गठ्ठे होतात, चारांचे २४, पण प्रत्यक्षात त्यातले बरेच रिकामे राहतात. अर्धवट भरलेल्या पत्रिकांचे गठ्ठे वेगळे.

२. प्रत्येक गठ्ठा दोन जणांनी एकमेकांचा आकडा न बघता मोजावा. आकडे जुळले की गठ्ठ्यावर चिठ्ठी लावून क्रम आणि संख्या लिहा.

३. फळ्यावर चौकट आखा. डावीकडे उभे आणि वर आडवे तेच पर्याय लिहा. ‘छप्पर’च्या ओळीत ‘पुस्तकं’च्या रकान्यात, ज्या गठ्ठ्यांत छप्पर पुस्तकांच्या वर आहे त्यांची बेरीज: १५ + ८ + ४ = २७.

४. उलट रकानाही स्वतंत्र मोजा: १८. दोन्ही मिळून ४५ व्हायलाच हवेत, त्यात त्या दोघांना क्रम न देणाऱ्या किंवा सारखा क्रम देणाऱ्या पत्रिका धरून. बेरीज जुळली नाही तर जवळपास प्रत्येक वेळी एखादा गठ्ठा दोनदा धरलेला किंवा सुटलेला असतो.

तीन पर्यायांच्या ३ जोड्या, चारांच्या ६, पाचांच्या १०, सहांच्या १५. मतदान दोन ठिकाणी झालं असेल तर दोन्हीकडच्या चौकटी नुसत्या एकमेकींत मिळवल्या की झालं. बाद फेऱ्यांत ही सोय नाही. तिथे कोण बाद झाला हे सगळीकडची बेरीज झाल्याशिवाय कळत नाही, म्हणून सगळ्या पत्रिका एका टेबलावर आणाव्या लागतात.

चक्र निघालं तर? नियमात आधीच लिहा: ‘सर्वांत कमी फरकाचा पराभव रद्द धरावा.’ त्यानेही सुटलं नाही, म्हणजे आपल्या १५-१५-१५ सारखी हुबेहूब बरोबरी असेल, तर सर्वांसमोर चिठ्ठी टाका. चिठ्ठी ज्याने लिहिली त्याने ती उचलू नये.

मतांची खेळी

कुणी मुद्दाम खोटा क्रम दिला तर काय, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. ॲलन गिबार्ड यांनी १९७३ मध्ये आणि मार्क सॅटर्थवेट यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केलं की तीन किंवा अधिक पर्याय असताना, एकाच माणसाच्या हाती निर्णय सोपवल्याशिवाय, खेळी करायला कधीच वाव राहणार नाही अशी पसंतीक्रमाची पद्धत असूच शकत नाही. त्याआधी १९५१ मध्ये केनेथ ॲरो यांनी न्यायाच्या साध्या वाटणाऱ्या काही अपेक्षा एकत्र पुऱ्या होऊ शकत नाहीत हे दाखवलं होतं. म्हणून निर्दोष पद्धत शोधू नका. खेळी कुठे सोपी आहे आणि कुठे अंगाशी येते ते बघा.

आपल्याच उदाहरणात बाद फेऱ्या घेतल्या तर संगणक जिंकतात, आणि १८ पुस्तकवाल्यांना संगणक मुळीच नकोत. त्यांच्यातल्या फक्त ४ जणांनी छपराला पहिली पसंती दिली तर पुस्तकं १४, संगणक १५, छप्पर १६ होतात. पुस्तकं बाद, त्यांची मतं छपराला, छप्पर ३०. म्हणजे स्वतःच्या आवडीला सोडलं की फायदा. चौघांना आपसात बोलून हे सहज जमतं.

समोरासमोर मोजणीत छप्पर जिंकतं. तिथे १८ पुस्तकवाल्यांनी छपराला मुद्दाम तळाशी ढकललं तर संगणक छपराला ३३ विरुद्ध १२ असे हरवतात आणि पुस्तकांना २३ विरुद्ध २२. म्हणजे त्यांचा सर्वांत नावडता पर्यायच जिंकला. १५ संगणकवाल्यांनी तेच केलं तर चक्र तयार होतं: पुस्तकं छपराला ३३ विरुद्ध १२, छप्पर संगणकांना ३० विरुद्ध १५, संगणक पुस्तकांना २३ विरुद्ध २२. सर्वांत कमी फरकाचा पराभव, म्हणजे २३ विरुद्ध २२, रद्द झाला आणि पुस्तकं जिंकली, जी त्यांना अजिबात नको होती. सभासदांना हे दोन हिशेब फळ्यावर करून दाखवा. खरा क्रम देणं हाच शहाणपणा आहे हे सांगावं लागत नाही, दिसतं.

कार्यकारिणी निवडताना

बहुमताचा सर्वांत मोठा अन्याय इथे होतो आणि तो इतका रूढ आहे की कुणाला खटकतही नाही. १०० सभासद, ५ जागा, प्रत्येकाला ५ मतं. एका पॅनलकडे ५५ जण, दुसऱ्याकडे ४५. लोक पॅनल बघून मतं देतात आणि पाचही जागा पहिल्या पॅनलला जातात. ४५ टक्के सभासदांचा समितीत एकही आवाज नाही. पुढच्या वर्षीही नाही.

प्रत्येकाला एकच मत देणं हा सोपा उपाय वाटतो, पण तो जुगार ठरू शकतो. ५५ जणांच्या गटाने पाच उमेदवार उभे करून प्रत्येकी ११ मतं वाटली, आणि ४५ जणांनी तीनच उभे करून प्रत्येकी १५ दिली, तर अल्पमतातल्या गटाला ३ जागा आणि बहुमतातल्याला २.

त्यापेक्षा एकल संक्रमणीय मत वापरा. आयर्लंड आणि माल्टा १९२१-२२ पासून आपली संसद अशी निवडतात, राज्यसभेच्या निवडणुकाही अशाच होतात. मतपत्रिका तीच, १, २, ३ लिहायची. निवडून यायला लागणारा कोटा असा काढा: वैध मतांना जागांपेक्षा एकाने जास्त संख्येने भागा, अपूर्णांक सोडा, एक मिळवा. १०० भागिले ६ म्हणजे १६, अधिक एक, १७. कोटा गाठणारा निवडून आला. त्याच्याकडे जास्तीची मतं असतील तर ती वाया घालवायची नाहीत. २५ मतं मिळाली तर ८ जास्त आहेत. जास्तीच्या ८ पत्रिका वरून उचलून देऊ नका, कोणत्या आठ निवडल्या यावर निकाल बदलेल. सगळ्या २५ पत्रिका पुढच्या पसंतीनुसार लावा आणि प्रत्येक पत्रिका ८ भागिले २५, म्हणजे ०.३२ किमतीने पुढे पाठवा. १५ पत्रिकांवर पुढचं नाव एकाचं असेल तर त्याला ४.८, उरलेल्या १० दुसऱ्याला असतील तर त्याला ३.२. बेरीज ८ जुळते का ते तपासा. दशांश नको असतील तर राज्यसभेच्या मोजणीतली युक्ती वापरा: प्रत्येक पत्रिकेचं मूल्य १०० धरा आणि कोटाही त्याच मापात काढा. जास्तीची मतं वाटून संपली आणि जागा उरल्या की तळाच्या उमेदवाराला बाद करून त्याच्या पत्रिका पुढे सरकवा. ५५ आणि ४५ च्या गटांनी आपापल्या माणसांना सलग क्रम दिले तर ५५ मध्ये १७ तीनदा बसतात, ४५ मध्ये दोनदा. जागा ३ आणि २.

अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार ही पदं थेट सर्वसाधारण सभेतून एकेक करून निवडली की पुन्हा तीनही पदं एकाच गटाकडे जातात. आधी अशी समिती निवडा, मग समितीने आपल्यातून पदं वाटावीत.

निधीचंही तेच. दरवर्षी ६० विरुद्ध ४० मतांनी सगळा निधी एकाच बाजूच्या कामांना जात असेल तर मोजणीची कोणतीही रीत त्या ४० जणांना दिलासा देणार नाही, कारण एकच विजेता निवडायचा आहे. तिथे निधी विभागा. प्रत्येक सभासदाच्या नावावर निधीचा सारखा वाटा धरा. ज्या कामाचे समर्थक आपल्या वाट्यांतून मिळून खर्च उचलू शकतात ते मंजूर, आणि त्यांच्या वाट्यांतून तेवढा भाग वजा. दरडोई सर्वांत कमी भार पडणारं काम आधी घ्या. पोलंडमधल्या व्येलिच्का आणि स्वित्झर्लंडमधल्या आराऊ या शहरांनी २०२३ मध्ये लोकसहभागाच्या निधीसाठी हीच पद्धत वापरली.

निकाल आणि त्यानंतर

नुसतं विजेत्याचं नाव जाहीर करू नका. गठ्ठ्यांची यादी, म्हणजे कोणता क्रम किती पत्रिकांवर होता, ती फलकावर लावा. ती असली की कुणीही घरी बसून निकाल पडताळू शकतो. एक सावधगिरी मात्र हवी: उमेदवार सहा-सात असतील आणि मतदार थोडे, तर आगळावेगळा क्रम ही मतदाराची ओळखखूण ठरू शकते. एखाद्याला ‘अमुक क्रमानेच लिही, म्हणजे तू कुणाला दिलंस ते कळेल’ असं दरडावता येतं. तिथे पूर्ण क्रम न लावता जोड्यांची चौकट किंवा फेरीवार आकडे लावा.

पत्रिका मोजणाऱ्यांच्या सह्यांनिशी लिफाफ्यात मोहरबंद करा. एखाद्या पर्यायात किंवा उमेदवारात हितसंबंध असलेल्याने मोजणीला बसू नये, निरीक्षक म्हणून समोर बसावं. आक्षेपाची मुदत संपल्यावरही समितीच्या निवडणुकीचा लिफाफा पूर्ण कार्यकाळ जपून ठेवा. मध्येच एखादी जागा रिकामी झाली आणि साधी पोटनिवडणूक घेतली तर ४५ जणांच्या गटाची जागा ५५ जणांकडे जाते. टास्मानियात अशा वेळी गेलेल्या सदस्याला निवडून देणाऱ्या पत्रिकाच पुन्हा उघडतात आणि त्यांवरच्या पुढच्या पसंतीने त्याची जागा भरतात. नियमात हे एक वाक्य आधीच घातलं असेल तर तुम्हालाही नव्याने मतदान घ्यावं लागत नाही, तो लिफाफा पुरतो.